अब्बांनी मारलेलं बोरिंग

माझे अब्बा बोअरच्या गाडीवर होते. जमिनीत भोक पाडून पाणी काढायची मशीन बसवलेला सरकारी ट्रक, आणि त्या मशीनच्या लिव्हरपाशी उभे असलेले अब्बा. ब्रह्मपुरीत आमचं घर. मोहल्ल्यातले बाकीचे लोक बांगड्या विकायचे, शिलाई करायचे, वेल्डिंगची दुकानं चालवायचे. हिवाळा सरला की जंगलात निघून जाणारे आणि पावसाच्या तोंडावर परतणारे अब्बा एकटेच. मधूनच एखाद दिवशी घरी यायचे तेव्हा ओळखू येत नसत. भुवयांवर, कानांत, पापण्यांवर दगडाची राखाडी पूड. अम्मी त्यांना अंगणातच अडवायची आणि डोक्यावर बादल्या ओतायची. कॉम्प्रेसरच्या आवाजानं त्यांचा एक कान फार लवकर गेला, म्हणून आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात. मी ऑफिसातही तशीच बोलते आणि लोकांना वाटतं, मॅडम रागावल्या.

घरात आम्ही हिंदी बोलायचो, पण बोअरच्या गोष्टी अब्बा मराठीत सांगायचे. त्या गोष्टी आमच्या झाडीपट्टीच्या मराठीतच घडल्या होत्या, त्यांना दुसरी भाषा चालत नसे. त्यातली एक गोष्ट आम्ही भावंडं पुन्हा पुन्हा मागायचो. वैनगंगेपलीकडच्या जंगलातलं एक गाव. रस्ता नाही. गाडी नाल्यात रुतली, तर अख्खं गाव धावत आलं. पुरुषांनी बांबू तोडले, बायांनी डोक्यावरून दगड आणून नाला भरला आणि गाडी पलीकडे काढली. गावच्या भूमकानं, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्यानं, बोअरच्या जागी तांदूळ मांडले, अंडं ठेवलं. अब्बांनी मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि लिव्हर ओढला. बराच वेळ नुसती धूळ उडाली. मग एकदम चिखलाचा फवारा, आणि त्याच्यामागून स्वच्छ पाणी.

"बाया नाचल्या ना तठी," अब्बा सांगायचे. "ओल्याचिंब झाल्या, तरी हटतच नव्हत्या."

त्या गावात अगोदर एक उघडी विहीर होती. दर पावसाळ्यात तिच्यात चहूकडचं घाण पाणी उतरायचं आणि हगवणीनं लेकरं दगावायची. बोरिंग आलं आणि ते थांबलं. अब्बांना आयुष्यात कोणी पदक दिलं नाही. त्यांच्याकडे ही गोष्ट होती.

मी भूगर्भशास्त्र शिकले ते या गोष्टींमुळेच. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात, मग नागपुरात. भूजलाच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा अब्बा निवृत्त झाले होते. मोहल्लाभर पेढे वाटत ते सांगत फिरले, "मी नुसतं भोक पाडत होतो. आता माही पोरगी सांगन खाली काय हाय ते."

आधी मी चंद्रपूरला होते, मग गडचिरोलीकडचा भाग माझ्याकडे आला. काम असं की गावोगावच्या विहिरींत टेप सोडून पाण्याची पातळी मोजायची, हातपंपांच्या पाण्याचे नमुने घ्यायचे, आणि कुठल्या गावाला किती पाणी पुरेल याचा आराखडा तयार करायचा. भामरागडकडे पावसाळ्यात रस्ते बंद होतात, म्हणून तिकडचं आधी उरकायचं. त्या वर्षी माझ्या वाट्याच्या गावांत अब्बांच्या गोष्टीतलं गाव होतं. मी सकाळी खुशीत निघाले. त्या पंपापाशी उभं राहून फोटो काढायचा आणि घरी दाखवायचा, एवढंच डोक्यात होतं.

नाल्यावर आता छोटा पूल आहे. पंप गावाच्या मधोमध, मोहाच्या झाडाजवळ. ओट्यावर एक तरुण बाई घागरी भरत होती आणि तिच्याभोवती लेकरं खेळत होती. जीप पाहून लेकरं हसली आणि माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. त्यांच्या दातांवर आडव्या तपकिरी रेघा होत्या. सगळ्यांच्याच. त्या बाईचे दात मात्र पांढरेशुभ्र.

"तुम्ही इथल्या नाही का?" मी विचारलं.

"नाई. माहं माहेर नदीकाठचं. इथी लग्न होऊन आली." तिनं पंप थांबवला. "काऊन?"

मी नमुना घेतला. आमच्याकडे पेटीत एक औषध असतं, त्यानं पाण्याला लालसर रंग येतो. फ्लोराईड जास्त असेल तर तो रंग पिवळा पडतो. माझ्या हातातली नळी पिवळी झाली. मी दुसरी भरली. तीही तशीच झाली. खरा निकाल प्रयोगशाळेतून यायचा होता, पण तेवढ्यात त्या बाईचा नवरा शेतातून आला. तिशीचा माणूस, पण माझ्याकडे पाहायला त्याला नुसती मान वळवता येईना. सगळं अंगच वळवावं लागलं. मला निकालाची वाट पाहायची गरज उरली नाही.

ती बाई मला घरी घेऊन गेली. ओसरीत तिची सासू होती. कमरेतून अशी वाकलेली की चालताना तिला फक्त स्वतःचे पाय दिसत. मी कोण, कुठली, हे तिनं खाली पाहतच विचारलं. ब्रह्मपुरीची, बोअरच्या गाडीवर माझे वडील होते, असं मी सांगितलं.

"बोरिंगवाला भाऊ?" तिचा आवाज उजळला. "माह्या हातची आंबील पेत होता तो. बरा हाय का?"

"बरे आहेत."

"त्याले सांगजो, तुह्यं बोरिंग एक दिवस बंद नाई पडलं."

निघताना तिनं अब्बांसाठी पळसाच्या पानात बांधून चारोळी दिली. मी ती घेतली. फोटो काढला नाही.

प्रयोगशाळेचा निकाल आला. पाण्यात फ्लोराईड प्रमाणाच्या बाहेर होतं. तिथला खडकच तसा आहे. वरच्या मुरमातलं पाणी ताजं असतं, ते फारसं बिघडत नाही. खाली दगडाच्या फटींत वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी मात्र दगडातलं फ्लोराईड उचलत राहतं. अब्बांच्या मशीननं नेमकं ते खोलचं पाणी वर आणलं होतं. नितळ, थंड, चवीला गोड. त्या काळी कोणी ते तपासत नव्हतं. हगवण थांबवायची होती, आणि ती थांबली होती.

नियम असा की अशा पंपाला लाल रंग द्यायचा, म्हणजे लोक त्याचं पाणी पीत नाहीत. रंग द्यायला माणूस घेऊन मीच गेले. त्या नदीकाठच्या सुनेला समजावून सांगितलं. दात, हाडं, सासूची कंबर, नवऱ्याची मान, सगळं या पाण्यामुळं. ती ऐकत राहिली. मग रंगानं ओल्या झालेल्या पंपाकडे पाहून म्हणाली, "बरं. मंग पेवाचं काय?"

घरी अब्बांनी चारोळी हातात घेतली आणि पहिला प्रश्न तोच विचारला, "आमचं बोरिंग चालू हाय ना?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, मोठ्यानं, कारण हळू सांगून त्यांना ऐकू आलं नसतं. अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली. शेवटी अब्बा एवढंच म्हणाले, "मुझे ले चल वहाँ." बोअरबद्दल ते हिंदीत बोलले, असं मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्या फेरीला मी त्यांना घेऊन गेले. नाल्यावरच्या पुलाशी त्यांनी जीप थांबवायला लावली, खाली उतरून नाल्यात पाहिलं आणि पुन्हा येऊन बसले. गावात शिरल्यावर ते सरळ पंपाशी गेले. लाल रंगावरून हात फिरवला. दांडा दोन-चार वेळा मारला, पाणी आलं, आणि हयातभराची सवय, त्यांनी ओंजळ पुढे केली. सून धावत आली आणि तिनं त्यांचं मनगट धरलं.

"नको भाऊ. नका पेऊ."

अब्बांच्या ओंजळीतून पाणी सांडून गेलं.

तेवढ्यात म्हातारी काठी टेकत आली. अब्बांना ती ताठ चालणारी आठवत होती. डोक्यावर दगड घेऊन नाला भरणाऱ्या बायांमध्ये ती सगळ्यांच्या पुढे असायची, असं ते सांगत. आता तिचं तोंड दिसेना, म्हणून "बाई, मी आलो," म्हणत अब्बा खाली मातीत बसले, आणि तेव्हा कुठे दोघांची नजरानजर झाली.

"आवाजावरून ओळखलं," म्हातारी म्हणाली. "अजूनबी तसाच ओरडून बोलते तू."

"बाई," अब्बा म्हणाले, "मले मालूम नव्हतं."

"कोणाले मालूम होतं?"

"तरी बी. माह्या हातानं झालं."

म्हातारीनं काठीवरचा हात बदलला. मग म्हणाली, "माही पहिली लेकरं इहिरीच्या पाण्यानं गेली, भाऊ. एक बी नाई राह्यलं. तू आल्यावर हा झाला, न् हा जगला." तिनं काठी तिच्या मुलाकडे केली. तो तिथेच उभा होता, ताठ मानेचा. ते उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढूनही घेतला, जणू त्याला दुखेल.

परतताना अब्बांनी मला एकच विचारलं. उपाय काय?

उपाय होता. मोहाच्या झाडाच्या पलीकडे ती जुनी विहीर अजून होती. बोरिंग आल्यावर सरकारी माणसांनीच सांगितलं होतं की उघड्या विहिरीचं पाणी पिऊ नका, म्हणून गावानं तिच्यात केरकचरा टाकला होता. पण तिचं पाणी वरच्या मुरमातलं. ती उपसून साफ केली, कठडा बांधून वरून झाकली, औषध टाकत राहिलं, तर गावाच्या पिण्यापुरतं पाणी तिच्यात होतं. वरच्या अंगाला जुना तलाव गाळानं भरला होता. तो काढला तर विहिरीला झरे राहिले असते. आणि विहिरीच्या आसपास नवीन बोअर होऊ द्यायचे नाहीत. मी आराखडा केला. नोकरीतला सगळ्यात मनापासून केलेला.

बैठकीत तो वाचला गेला. कोणी वाईट बोललं नाही. एका साहेबांनी मला बाहेर येऊन सांगितलं की काम छान आहे, पण विहिरीचं पाणी प्यायला लावणं म्हणजे लोकांना मागं नेणं, असं वरच्यांना वाटेल. मंजूर झालं ते फ्लोराईड काढायचं यंत्र. निळ्या पत्र्याच्या खोलीत ते बसलं, फीत कापली, आणि त्यातला फ्लोराईड शोषणारा मसाला संपेपर्यंत ते चालू राहिलं. मग खोलीला कुलूप लागलं.

विहीर साफ केली ती गावानं. म्हणजे त्या सुनेनं. ती घरोघरी गेली आणि लेकरांना पुढे उभं करून, "दाखव रे दात," म्हणत लोकांना लाज आणली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सगळे खाली उतरले. मी रजा टाकून गेले आणि अब्बाही आले. त्यांना आत उतरता येत नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर काठाशी बसून ते ओरडत राहिले, इकडून खणा, तो दगड हलवू नका, झरा तिथेच आहे. त्या दिवसांत ते जेवत होते, हसत होते. सुनेचा धाकटा दीर सगळ्यांत जास्त राबला. उमदा पोरगा, चिखलानं माखलेला, वर येऊन अब्बांना म्हणाला, "भाऊ, तुमची मशीन असती त कवाच झालं असतं."

पाणी आलं. मी नमुना घेतला आणि नळीतला लालसर रंग तसाच राहिला. मी ती नळी अब्बांच्या हातात दिली. बराच वेळ त्यांनी ती उन्हात धरून पाहिली.

काही वर्षं हे चाललं. लहान लेकरांचे नवे दात स्वच्छ येऊ लागले. म्हातारीची कंबर सरळ झाली नाही, ते व्हायचंच नव्हतं, पण मुलाचं दुखणं वाढायचं थांबलं. मी इतर गावांच्या बैठकींत या विहिरीचं उदाहरण द्यायला लागले.

मग दिरानं बोअर मारला. विहिरीच्या वरच्या अंगाला त्याच्या धानशेताचा बांध आहे, तिथेच. बाहेरून खाजगी गाडी आली आणि काम करून निघून गेली. नुसत्या पावसाळी धानावर त्याचं भागत नव्हतं, त्याला उन्हाळी धान घ्यायचा होता. पिण्याच्या विहिरीजवळ बोअर मारायला मनाई आहे. मी तक्रार पाठवली. उत्तर आलं की ही विहीर वापरात नाही, अशीच जुनी नोंद आहे आणि ती बदललेली नाही. ती बदलायला सांगणारा माझा आराखडा तर मंजूरच झाला नव्हता.

ग्रामसभेत सून दिराच्या समोर उभी राहिली. मी तिथे होते.

"बोअर बंद कर," ती म्हणाली. "इहीर आटून राह्यली."

"बंद करतो. मंग माह्या घरी काय शिजवू, ते तू सांग." तो ओरडला नाही. "वहिनी, तू पाणी पाहून राह्यली, मी पोट पाहून राह्यलो. माही बी लेकरंच हायेत ना?"

त्याचं खोटं नव्हतं, तिचंही नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. माझ्याकडे आकडे होते. त्या आकड्यांत पिण्याचं पाणी आणि उन्हाळी धान, दोन्ही बसत नव्हतं. मी ते सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि ते जेवायला निघून गेले.

तेव्हापासून उन्हाळा लागला की विहीर तळाला जाते. नदीवरून पाणी आणायची मोठी योजना झाली आहे, टाकी बांधली आहे, नळही आले आहेत. नळाला पाणी येतं तेव्हा येतं. बाकीच्या दिवसांत बाया पुन्हा लाल पंपावर जातात. रंग बराच उडून गेला आहे.

अब्बांना मी बोअरबद्दल काही सांगितलं नव्हतं. त्यांनी ते कुठूनतरी ऐकलं, बहुतेक ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर, तिकडचे लोक तिथे भेटायचेच. माझ्या भावाची मुलं त्यांना नाल्याची गोष्ट सांगा म्हणायची, तेव्हा ते म्हणायचे, "वो पुरानी बात है, छोड़ो." सिरोंचाकडच्या गोदावरीतले मोठाले मासे, जीपच्या पुढं आलेलं अस्वल, हे सांगायचे. बोअरचं नाही. मला अजूनही कळत नाही की त्या दिवशी चारोळी त्यांच्या हातात देऊन मी नुसतं, "हो, चालू आहे," म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं. पंप चालूच होता. पण मग विहिरीच्या काठी खुर्चीवर बसून ओरडण्याचे ते दिवसही त्यांना मिळाले नसते. गेल्या पावसाळ्यात ते गेले.

यंदाच्या उन्हाळ्यात मी पातळी मोजायला गेले. सुनेच्या अंगणात मधोमध बांबूचा ताटवा, भिंतीसारखा आडोसा, उभा होता. दोन चुली, दोन दारं. तिचं आणि दिराचं बोलणं-चालणंच बंद आहे. म्हातारी दिवसा एका बाजूला बसते, संध्याकाळी दुसऱ्या. अब्बा गेल्याचं मी तिला सांगितलं. ती जमिनीकडे पाहतच म्हणाली, "जाळलं का माती देल्ली?"

"माती दिली."

"बरं केलं. आमच्यातबी मातीच देतात."

मी विहिरीत टेप सोडला. टेपचं टोक कोरडं वर आलं. सामान जीपमध्ये ठेवत होते, तर दीर शेतातून आला. पूर्वी चिखलातून वर येऊन हसणारा तो पोरगा आता वाळून गेला होता. इकडे-तिकडे पाहून त्यानं हळू आवाजात विचारलं, "मॅडम, माह्या बोअरचं पाणी कमी होऊन राह्यलं. आणखी खोल मारलं त लागन का?"

"लागेल कदाचित," मी म्हणाले. "पण ते त्या लाल पंपासारखंच असेल."

त्यानं शेताकडे पाहिलं. "धानाले त काई होत नाई ना त्यानं?"

"धानाला नाही होत."

"मंग झालं," तो म्हणाला, आणि बांधाकडे चालू लागला. माझा आवाज नेहमीप्रमाणे मोठा. ताटव्यापलीकडे सून उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कमरेवर घागर घेऊन पंपाकडे निघून गेली.